सफाळ्याची रो-रो आणि वाटीभर दही

शनिवार-रविवार आला की मुंबईकर अर्नाळ्याला येतो, राजोडीला येतो, वसईच्या किल्ल्यात फोटो काढतो. तो जिथे हवापालटाला येतो तिथेच आमचं बिऱ्हाड. मग आम्ही विरारकरांनी जायचं कुठे? बोरिवली-अंधेरी तर नोकरीभर लोंबकळत पाहिली. उरली उत्तर दिशा. म्हणून केळवे.

लेक मेलबर्नला, चिरंजीव बंगळुरूत. दोघांनी फोनवर फर्मान काढलं, "आता तुम्ही दोघं मस्त फिरा." फिरायला आमची हरकत नव्हती. घर आम्हाला सोडेना.

आदल्या रात्री पिंप भरून ठेवलं, कारण आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल हे पंचांगातही सापडत नाही. मग दूध उरलं. सौ.नी विरजण लावलं. दही आंबू नये म्हणून सकाळी ते फ्रिजमध्ये गेलं. फ्रिज चालू ठेवायचा, म्हणून मेन स्विच बंद करता येईना. मेन चालू, म्हणून गिझरपासून देवघरातल्या दिव्यांच्या माळेपर्यंत एकेक बटण तपासणं आलं. कुलूप लावून जिना उतरलो.

"अहो, गॅस?"

वर गेलो. गॅस बंदच होता. खाली आलो.

"आणि कुलूप ओढून पाहिलंत?"

केळव्याची वाट सफाळ्यावरून जाते. नकाशात विरार आणि सफाळे शेजारी दिसतात, पण मध्ये वैतरणेची खाडी आडवी पडलीय. त्यामुळे रस्त्याने जायचं तर महामार्गाला वळसा घालून साठेक किलोमीटर. एप्रिल 2025 मध्ये विरारकडच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडच्या जलसारपर्यंत गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि हाच प्रवास पाण्यातून दीड किलोमीटरवर आला. आमची स्कूटर मोटारींच्या रांगेत ऐटीत उभी राहिली. सौ.नी 'बोटीत खाऊ' म्हणून पहाटे उठून थालीपिठं केली होती. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, लोणच्याच्या डबीचं झाकण फिरवलं आणि पलीकडचा धक्का आला. इतक्या थोडक्यात संपणारा जलप्रवास मराठी डब्याच्या सोयीचा नाही.

केळव्याला खोली छान मिळाली. दोन दिवस कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. पण न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. मी सुतळी मागून आणली आणि आटे आवळून बसवले. बाहेर आलो तर सौ.नी चादरींच्या घड्या घातल्या होत्या आणि मालकीणबाईंना वालाच्या बिरड्यात ओवा कधी घालायचा ते सांगत होत्या. जेवायला तेच बिरडं मिळालं, कारण शनिवार! समोर समुद्र, शेजारच्या ताटात पापलेट, आणि आमच्या ताटात मारुतीचा वार.

संध्याकाळी शीतलादेवीचं दर्शन घेऊन सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलो. पाण्यात पाय बुडवतोय तोच बंगळुरूहून व्हिडिओ कॉल.

"आई, फार आत जाऊ नका. भरती असेल."

"हे वाक्य माझं आहे," सौ. म्हणाल्या. "अर्नाळ्याला तुझ्यामागे ओरडून ओरडून माझा घसा बसायचा, तेव्हा ऐकलं होतंस का?"

फोन ठेवला आणि त्या आणखी दोन पावलं आत गेल्या.

रविवारी सकाळी नुसतं हिंडायचं ठरलं होतं, पण वाटेत ताजी भाजी दिसली. मग विड्याची पानं, कारण केळव्यात येऊन पान न घेणं म्हणजे पाप. परतताना स्कूटरवर पाय ठेवायला जागा उरली नाही. माझ्या मांडीवर भोपळा होता, आणि तो कोणी खायचा यावर सफाळ्यापर्यंत चर्चा चालली. मुलं घरी होती तेव्हा पाव किलो भेंडी आणणारी हीच बाई.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी डहाणू लोकल पकडावी. 2013 पासून ती विरारच्या पुढे धावते. वैतरणा, सफाळे आणि मग केळवे रोड. तिथून गावात रिक्षा जाते. रो-रोने जाणाऱ्यांनी खायचं असेल ते धक्क्यावरच खाऊन घ्यावं. आणि शनिवार पाळणाऱ्यांनी रविवारचं दुपारचं जेवण झाल्याशिवाय केळवे सोडू नये. पापलेट ताजं असतं.