जिभेचे वाघ

तिखटाच्या बाबतीत नागपूरकराशी वाद घालू नये. सकाळी पोह्यांवर तर्री, रविवारी सावजी रस्सा, आणि भिवापुरी मिरची तर आपल्याच जिल्ह्यातली. तिला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमचा अभिमान कागदोपत्रीही पक्का झाला आहे. रस्सा भुरकताना कपाळावर घाम येतो, पण तोंडातून ‘हाय’ निघत नाही. असल्या वीरांना लकडगंजातल्या आमच्या स्वयंपाकघरात चमचाभर मोहरीपुढे डोळे पुसताना मी पाहिलं आहे.

मिरचीचं तिखट जिभेवर बसतं आणि तिथंच मुक्काम करतं. मोहरीचं तिखट उडून जाणारं. ते टाळ्यामागच्या चोरवाटेनं नाकात शिरतं आणि थेट दोन भुवयांच्या मध्ये जाऊन ठाण मांडतं. जीभ कितीही कमावलेली असो, नाकाचा मात्र हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न. त्यातून लकडगंजाचं नाक तसं साधंसुधं नाही. आरा मशीनचा भुसा त्यानं वर्षानुवर्षं पचवलाय. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान इथल्या वखारींत येतं. 2023 मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उघडलं, त्याला सागवान नागपूरचं, हे इथं कोणीही न विचारता सांगतं. तर असलं भुसापचवू नाकसुद्धा मोहरीपुढे शरण जातं.

गंमत म्हणजे हीच मोहरी रोज फोडणीत असते आणि तिचा कोणाला काही त्रास नसतो. तडतडते, भांड्याबाहेर उड्या मारते, एखादा दाणा हातावर चटका देतो, बस्स. तिच्या दाण्यात सिनिग्रिन आणि मायरोसिनेज नावाचे दोन पदार्थ वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोघं समोरासमोर येतात, आणि मग जे उसळतं ते आपल्या नाकात येतं. फोडणीच्या कडकडीत तेलात मायरोसिनेजचा निकाल आधीच लागलेला असतो, म्हणून तिथं शांतता. मोहरी वाटताना गरम पाणी घातलं तरी तेच. आणि लिंबू किंवा व्हिनेगर पहिल्यापासूनच ओतलं तर भांडण रंगण्याआधीच मिटतं.

हे रसायन माझ्या आजीला कोणी शिकवलं नव्हतं. तरी लोणच्यासाठी मोहरी फेसताना ती पाटा धुऊन गार करून घ्यायची, पाण्याचा हबका थोडा थोडा मारायची आणि वरवंटा चालवताना मान अशी कलती ठेवायची की समोरच्याला वाटावं, ही रुसली आहे. पांढरट फेस आला, की घरातलं सगळ्यात आगाऊ पोर बोलवायची. ‘बघ रे, चढली का?’ पोरानं वास घेतला आणि ते मागे कोलमडलं, की मोहरी चढली. कुठलंही यंत्र वापरा, याहून खात्रीची परीक्षा मिळणार नाही.

हल्ली बर्गरवाल्यांनी आमच्या मुलांना बाटलीतल्या पिवळ्या गोडसर सॉसची चटक लावली. ती बाटली वाचून पाहिली तर मोहरी, साखर, व्हिनेगर, हळद. म्हणजे आजीचीच मोहरी, फक्त इंग्रजी शाळेत घातलेली. मग घरी का होऊ नये?

अर्धी पिवळी मोहरी, अर्धी काळी. पिवळीचा मार मुख्यतः जिभेला, काळीचा नाकाला, त्यामुळे दोघींचं मिश्रण म्हणजे सर्वपक्षीय सरकार. साबूत दाणा वाटला की सालांचे काळे ठिपके राहतात. त्यावरचा उपाय शेजारच्या कच्छी भाभींनी गॅलरीतूनच सांगितला. ‘साबूत क्यों पीसते हो भैया, कुरिया ले आओ ना!’ राईचे कुरिया म्हणजे साल काढून भरडलेली मोहरीडाळ. त्यांच्याकडे हिवाळ्यात मिरच्या भरायला लागते, आणि आमच्याकडे लोणच्याच्या दिवसांत ती इतवारी-मस्कासाथहून येतेच.

अर्धी वाटी डाळ मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायची, भांडं तापलं की कडवटपणा आला. अर्धी वाटी गार पाणी घालून फेसायची आणि दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायची. या वेळात झाकण उघडून वास घेण्याचा मोह अनेकांना होतो. घेऊ द्यावा. मग दोन चमचे व्हिनेगर, मीठ, चिमूटभर हळद, अर्धा चमचा भिवापुरी तिखट. गोडीसाठी लोक मध घालतात. आम्ही नागपूरकर, आम्ही दोन संत्र्यांचा रस दोन चमचे गुळात आटवतो आणि पूर्ण गार झाल्यावरच मिसळतो. संत्र्याची किंचित कडवट झाक मोहरीला अशी काही मानवते की मध नुसता गुळगुळीत वाटायला लागतो.

फ्रान्समधल्या दिजाँ गावात 1856 मध्ये ज्याँ नेजों नावाच्या गृहस्थानं मोहरीत व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला आणि गावाचं नाव जगभर झालं. बंगाल्यांच्या कासुंदीत कैरी पडते आणि तिची मोहरी अक्षय्य तृतीयेला सोवळ्यानं धुवायची त्यांच्याकडे जुनी रीत आहे. म्हणजे ज्याच्या अंगणात जे आंबटगोड, ते मोहरीत. आमच्या संत्र्याला परवानगी कोणाची मागायची?

ताजा सॉस मात्र कोणाला देऊ नये. पहिल्या दिवशी तो कडू आणि तापट असतो. एक रात्र फ्रिजमध्ये काढली की कडवटपणा उतरतो, गोडी पुढे येते. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत नाकातली धारही बोथट होत जाते, म्हणून जो काही पराक्रम करायचा तो लवकर. सांबारवडीशी याचं फार जमतं. कुरकुरीत पारी, आत सांबार, खोबरं, खसखस, आणि वर हा पिवळा थेंब. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगावं लागतं. सॉसबद्दल त्यांना आधी काही सांगू नये.

आमचे एक काका आहेत. सावजीच्या रश्श्यात वरून तिखट मागणारे. त्यांनी सांबारवडी सॉसात नीट बुडवली, तोंडात टाकली, आणि बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून धार. शेवटी नाक पुसून म्हणाले, ‘तिखट नाही आहे बाप्पा हे. गोडच आहे.’ आणि दुसरी उचलली.