मरळीचं बिऱ्हाड

२०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. घोषणा करणारे मत्स्यव्यवसायमंत्री चंद्रपूरचे, म्हणजे आमचेच. त्यामुळे आम्हा नागपूरकरांना धड रुसताही आलं नाही. पापलेट आमच्याकडे येतो तो बर्फाच्या पेटीतून, शेकडो मैलांचा प्रवास करून, आणि माशाला पापण्या नसल्यामुळे तो सगळा प्रवास उघड्या डोळ्यांनी बघत. आमच्या वाट्याचं पाणी तलावांचं. शहरात अंबाझरी, फुटाळा. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी बांधलेले हजारो तलाव. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले; माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव.

या भाच्यांच्या प्रदेशाचा राज्यमासा मला नेमायला सांगितला असता, तर मी मरळीचं नाव दिलं असतं. दिसायला ती काही सुंदर नाही. डोकं सापाचं, अंगावर चिखलाचे डाग, मधूनच वर येऊन हवेचा घोट घ्यायची सवय. पण तिचा संसार बघावा. पाणवनस्पतींच्या आडोशाला जागा साफ करून ती अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर पडली की नर-मादी दोघंही खालून पहारा देतात. पिल्लं पिकल्या संत्र्याच्या रंगाची असतात. शेकडोंचा तो पुंजका पाण्याच्या वरच्या थरात थरथरत पुढे सरकतो, जणू तलावाला कुंकवाचं स्वप्न पडलंय. काठावरून हात लांबवला की पुंजका क्षणात बुडतो आणि त्याच जागी आईबापांपैकी कुणाचं तरी डोकं वर येतं. शाळेच्या फाटकाशी उभे राहणारे पालक मला त्या डोक्याची आठवण करून देतात.

मत्स्यशेतीच्या हिशेबात मात्र ही मरळ गुन्हेगार ठरली. तिनं बोटुकली खाऊ नयेत म्हणून तलावात आधी मोहाची ढेप टाकून जुनी प्रजा संपवायची आणि मग रोहू-कटला सोडायचे, अशी रीत पडली. गंमत अशी, की रोहू-कटल्याला वंश वाढवायला वाहतं पाणी लागतं; साचलेल्या तलावात ते पोसले जातात, पण पाळणा काही हलत नाही. म्हणून बीज दर वर्षी विकत आणा. जे फुकटात, आपणहून, घर सांभाळून वाढत होतं, ते काढून तिथे कायमचे पाहुणे बसवले. सोबतीला गवत्या मासा आला आणि उरलंसुरलं गवतही फस्त झालं. काठावर बेशरमाची झुडपं माजलीच होती; त्यांना बोलावणं लागत नाही.

गोंदियातल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजाच्या लोकांनी हा हिशेब उलटा मांडला. मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ त्यांच्यासोबत होतं. आधी बेशरम उपटली. उन्हाळ्यात उघडी पडलेली तलावाची जमीन नांगरली. पावसाचं पाणी साचल्यावर, ज्यांना आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्या वनस्पती निवडून, चिखलात वाकून लावल्या. कुठली कुठे, किती खोलीवर, कुठल्या माशाला कुठली लागते, हे म्हाताऱ्या ढिवरांच्या बोटांना ठाऊक होतं. मासे धरणारे लोक पाण्यात गवत लावताना पाहून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल, याची मी मजेत कल्पना करतो. मोठ्या प्रकल्पांत फीत माशासाठी कापतात. इथे बिऱ्हाड आधी लावलं आणि बिऱ्हाडकरू मागाहून आले. मरळ आली, दाडक आला, पक्षीही आले. काही मासे दुसऱ्या तलावांतून आणून सोडावे लागले, हेही खरं. सगळेच काही ढगातून पडत नाहीत.

हे ऐकल्यापासून मला अर्जुनीच्या मरळीची फार ओढ लागली. (ओढीचा शेवट ताटात होतो, हे मान्य.) नागपुरातल्या भोईपुऱ्याच्या बाजारात एका मावशींना विचारलं. त्यांच्यासमोर आंध्रातले रोहू थर्मोकोलच्या पेट्यांत गच्च झोपले होते. कोयती न थांबवता त्या म्हणाल्या, "अर्जुनीची मरळ? ते तिथलेच लोक खाऊन टाकतेत, भाऊ. इथं कायले येईन?" आणि मग माझा चेहरा बघून, "तुमाले एवढी आवड हाये, त तुमीच जा न तिथं. जाताना डबा घेऊन जा."

डबा घासून ठेवला आहे.