वर लिंबू, खाली लाकूड

कोल्हापुरात सेंट मारून बाहेर पडणाऱ्याच्या धाडसाला दाद दिलीच पाहिजे. कोपऱ्यावर मिसळीचा कट उकळत असतो, पुढच्या गल्लीत कुणाकडे तरी तांबड्याची फोडणी पडलेली असते. अशा गावात आमच्या पुतण्याने ऑनलाइन बाटली मागवली. खोक्यावर लिहिलं होतं: आरंभी ताज्या लिंबू-संत्र्याचा तजेला, मागाहून देवदार आणि वाळ्याचं गांभीर्य. वाचून मला वधू-वर सूचक मंडळाचं पत्रक आठवलं. वरवर खेळकर, आतून समंजस, निर्व्यसनी.

"काका, सेंटला कॅरेक्टर असतंय," पुतण्या म्हणाला. "पहिल्यांदा टॉप नोट, मग बेस नोट."

कॅरेक्टर असतं हे खरं, पण त्यातलं लिंबू फार उतावळं. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल हलकं, अंगाची ऊब लागली की ते भुर्रकन उडतं. अर्ध्या तासात त्याचा मागमूस राहत नाही. राजारामपुरीतून निघालेलं लिंबू वाहतुकीत अडकलं, तर बिंदू चौकाच्या अलीकडेच संपतं. लाकडाच्या वासाचे रेणू मात्र जड, बूड टेकून बसणारे. चंदन, देवदार, वाळा ही मंडळी लिंबू गेल्यावर बोलायला लागतात आणि मग संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. (वाळा म्हणजे खरं तर गवताची मुळं. पण सुगंधवाल्यांनी त्याला लाकडांच्या पंगतीत बसवलंय आणि त्याचीही तक्रार नाही.)

युरोपात या लिंबूवर्गीय प्रकाराचं मोठं कौतुक. योहान मारिया फरिना नावाच्या इटालियन गृहस्थाने अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या कलोन शहरात असं सुगंधी पाणी बनवलं. त्याच्या पाण्याला गावाचंच नाव पडलं. नेपोलियन म्हणे ते पाण्यासारखं वापरायचा. साहजिकच आहे, टिकतच नाही म्हटल्यावर माणूस करणार काय? आपल्याकडच्या अत्तरवाल्यांनी उलटं केलं. कनौजला फुलांचा अर्क चंदनाच्या तेलातच उतरवायची जुनी रीत, म्हणजे पाया आधी घातला. म्हणून लग्नाच्या दारात मनगटाला लागलेलं अत्तर पंगत उठली तरी जागचं हलत नाही. आणि शेजारच्या म्हैसूरने तर चंदन साबणात घालून थेट आमच्या मोरीत पाठवलं.

पण मी पुतण्याला म्हटलं, लिंबू आणि लाकूड हवं असेल तर बाटली कशाला? नवी कोरी कोल्हापुरी चप्पल नाकाजवळ धर. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं असतं, त्याचा तुरट, रानटी वास महिनोन्‌महिने जात नाही. पाहुण्यांच्या घरी चपला बाहेर काढून ठेवल्या तरी आत कळतं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, मग बोंबाबोंब झाली. ही कंपनी सेंटही विकते. तिला बाभळीच्या सालीची बाटली काढायचं अजून कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं.

राहिलं लिंबू. त्यासाठी पुतण्याला तालमीत नेलं. हौदातली तांबडी माती नुसती माती नसते. तीत लिंबं पिळतात, हळद, ताक, तेल, कापूर घालतात आणि फावड्याने खालीवर करतात. पहाटे दार उघडलं की आंबट, थंड, ओलसर असा वास नाकात शिरतो, झोप पार उडते. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं तेव्हापासून किती पैलवानांच्या घामाने या सुगंधाला बेस पुरवला असेल, हिशेब नाही.

वस्तादांनी पुतण्याला जवळ बोलावून हुंगलं.

"काय रं, लग्नाला आलायस?"

"वस्ताद, सिट्रस हाय."

"ते हौदात बी हाय. उतर."

उतरला. एका पोराने त्याला असा काही घोळवला, की घरी आला तेव्हा कानांपासून घोट्यांपर्यंत तांबडा होता. वहिनींनी दारातच अडवलं.

"आई, ही बेस नोट हाय."

"असू दे. बंब पेटलाय, बेसासकट आंघोळ कर आन् पायपुसण्यावर पाय देऊ नको."