चमकीची घाई

घरच्या घरी सुई घेऊन आपलंच नाक टोचणाऱ्यांना शहाणपण शिकवायला मी बसलेली नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. भोक पडलं, आता त्यात घालायचं काय? आम्हां नटव्यांचं उत्तर तयार असतं, कारण आमच्या डोक्यात आधी दागिना येतो आणि मग नाक. पण भोक ताजं असेतोवर ती जखम असते, आणि जखमेला काय मानवतं हे आरशाला विचारून कळत नाही.

जखमेची आवड अगदीच अळणी. सरळ गुळगुळीत दांडी, जाडी ०.८ ते १ मिलिमीटर, सूज आली तरी रुतणार नाही इतपत लांब. धातू शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम किंवा निकेल नसलेलं १८ कॅरेट सोनं. रिंग नको, ती हलते आणि भरत आलेलं पुन्हा उकरते. एवढं ऐकूनही माझा जीव तुळशीबागेतल्या ऑक्सिडाइज्ड चमकीतच अडकलेला असतो. तो माल बरेचदा जर्मन सिल्व्हरचा. त्यात चांदी औषधालाही नसते. असतं तांबं, जस्त आणि निकेल, म्हणजे ॲलर्जीसाठी सर्वांत बदनाम धातू. टोचलेल्या भोकातल्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असं युरोपीय संघाचा कायदा सांगतो. आपलं समाधान ‘ताई, काळं पडणार नाही’ एवढ्यावर होतं. बरं, सोन्याकडे वळावं तर दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. कपाटात झोपणाऱ्या हाराला सरकारी शिक्का, आणि मांसात शिरणारी चमकी मात्र सोनाराच्या शब्दावर!

‘आमच्या आज्यांनी कुठे टायटॅनियम घातलं होतं?’ हा आक्षेप येणारच. नव्हतं घातलं. सोनार ओवायचा ती चोख सोन्याची बारीक, साधी तार. तिच्यात ना निकेल, ना नक्षी. म्हणजे आज्या माझ्याच पक्षाच्या. नथ यायची ती नंतर, आणि नथीचं नाव निघालं की मला आवरत नाही. बसऱ्याचे मोती, मधे लाल खडा, आणि ओठावर असा झोक की बोलणारीपेक्षा नथच जास्त बोलते. हा दागिना आम्ही अनादिकालापासूनचा समजतो. पण भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी जुनी साधनं धुंडाळून काढलेला निष्कर्ष असा, की प्राचीन संस्कृत वाङ्मयात नथीचा पत्ता लागत नाही. कॅलेंडरवरच्या सीतेला ती घातली चित्रकाराच्या हौसेनं. आणि एवढ्या मिजासखोर दागिन्याला आम्ही शेवटी चाप लावला! भोक न पाडता पूर्ण तोरा, हा मराठी व्यवहारबुद्धीचा कळस आहे. तेव्हा लग्न तोंडावर आलं असेल तर चापाची नथ घ्यावी आणि सुई खाली ठेवावी.

दुसरा आक्षेप मला मान्यच आहे. एवढं कळतं तर निर्जंतुक पोकळ सुई वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडे जावं. जावंच. पण मुली लपून घरी का टोचतात, हेही कोणीतरी विचारावं. तान्ह्या पोरीचे कान, कधी नाकही, तिला न विचारता टोचलं की ते कौतुक. तीच विशीत आपल्या मर्जीनं टोचून आली की ‘कोणाला विचारून?’ तिच्या नाकाबद्दल आई, आत्या, सासू आणि ऑफिसातला साहेब या सगळ्यांना मत असतं. याचा मला खरोखर राग येतो. ते वेडंवाकडं भोक निदान तिचं स्वतःचं आहे, आणि ते चिघळलं तर जिंकणार ‘तरी सांगत होतो’ म्हणणारे. त्यांना ही संधी मिळू नये, म्हणून तरी पहिले काही महिने साध्या दांडीवर काढावेत. चमकी फिरवत बसू नये, हळद-तेल थापू नये, निर्जंतुक सलाईननं पुसावं. पू आला, ताप आला तर चमकी उपटून न टाकता डॉक्टरांकडे जावं. जाताना लिपस्टिक लावायला माझी हरकत नाही.