भरून ठेवलंय

इंग्लंडातल्या आमच्या घरी बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात असतो. घरभरच्या रेडिएटरांतून गरम पाणी फिरवणं हे त्याचं काम. त्याच्या पोटाशी चार बारपर्यंत दाब दाखवणारा काटा. गार असताना तो एक ते दीड बारवर असावा, एवढंच मला ठाऊक होतं, आणि साताऱ्याहून बाबा येईपर्यंत तेवढं पुरलंही.

एका सकाळी पाहतो तर काटा तांबड्यात, तीनवर. बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकतंय आणि खाली आमची बादली.

"बाबा, बॉयलरला हात लावलात?"

"अरे, चारांपैकी एकच होतं. मी भरून ठेवलंय."

ज्या माणसाने जन्मभर पाऊण तासाच्या नळावर पिंपं, कळश्या आणि शेवटी चहाचं पातेलंही भरून ठेवलं, त्याला काय बोलणार? बॉयलरखाली पाणी भरायची नळी असते. काम झालं की ती काढून ठेवायची. आमची आळसाने लटकलेली. बाबांनी तिचे दोन्ही खटके फिरवले. नळाला पाणी आलेलं असताना तो बंद कोण करतं?

मग मी समजावू लागलो. आपल्या बंबात वरून गार ओतलं की तोटीतून तेवढंच गरम येतं. तोंड उघडं, दाब कसला? इथे सगळं बंदिस्त. तापून फुगलेल्या पाण्याला जागा म्हणून आत हवेचा डबा असतो. तोही पुरेनासा झाला की तीन बारला सुरक्षा झडप उघडते आणि पाणी बाहेर.

"तीन बार म्हणजे?"

"तीस मीटर पाण्याचा दाब."

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ते खुर्चीतून उठलेच. "आणि हे धरण तू कपाटात ठेवलंयस?"

नळीचे दोन्ही खटके बंद केले. बॉयलर बंद केला, निवू दिला. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला स्क्रू छोट्या चावीने सैल केला, खाली तांब्या धरला. अडीच तांबे निघाले तेव्हा काटा सव्वावर आला. पाणी काळंकुट्ट. बादलीतलंही तसलंच, आणि बाबा ते कढीपत्त्याला घालणार होते!

झडप मात्र ठिबकतच राहिली. एकदा उघडली की तिच्यात कचरा अडकू शकतो. गॅसच्या बॉयलरचं झाकण आपण उघडायचं नसतं, म्हणून नोंदणीकृत माणूस बोलावला. त्याने ती बदलली आणि बिल दिलं. बाबांनी ते रुपयांत मोजलं आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

नळी मी काढून माळ्यावर ठेवली आहे. ऑक्टोबरात बाबा पुन्हा येताहेत.