रात्री साडेनऊला लाईट कापणाऱ्यास खुलं पत्र

वीज अधिकारी म्हणवून घेणाऱ्या माणसा,

पत्राला मायना लागतो, पण तुला नमस्कार लिहायला हात धजत नाही. तुझं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. ज्या नंबरावरून तू बोललास तो दुसऱ्या दिवशी बंद झाला होता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. तू वाचशील असं वाटत नाही. पण तुझा मेसेज आज-उद्या ज्यांच्या मोबाईलवर येऊन पडणार आहे, त्यांनी ते वाचावं.

तुझा मेसेज आता आम्हाला तोंडपाठ झाला आहे. तुमच्या घराची वीज आज रात्री साडेनऊ वाजता तोडली जाईल, कारण मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी बोला. खाली एक दहा आकडी मोबाईल नंबर. राज्यभर हाच मजकूर, हीच वेळ. मुंबईतल्या फ्लॅटला साडेनऊ आणि राजूरच्या कौलारू घरालाही साडेनऊ!

तू राजूरला कधी आला आहेस का? अकोले या आमच्या तालुक्याच्या गावाहून भंडारदऱ्याकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. आषाढ-श्रावणात घाटघर, रतनवाडीकडून जो पाऊस येतो तो दिवसरात्र थांबत नाही. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, त्याच्या पाण्यावर वीज होते. घाटघरच्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पाचं वरचं धरण आमच्याच तालुक्यात आहे. तरीही एखादी फांदी तारेवर पडली की आमच्याकडे अंधार होतो. अशा रात्री आमचा वायरमन अंगावर रेनकोट चढवून, हातात बॅटरी घेऊन चिखलातून डीपीकडे जातो. बाकीच्या घरांत माणसं गोधडीत शिरलेली असतात तेव्हा तो खांबावर असतो. रात्री साडेनऊला तो खांबावर चढतो ते लाईट जोडायला. ती तोडायला चढलेला वायरमन आम्ही जन्मात पाहिला नाही. ज्या माणसाच्या नावावर तू लोकांना लुटतोस, त्याची पायताणंसुद्धा उचलायची तुझी लायकी नाही.

आणि कायदा? वीज कायदा 2003 मधलं 56 वं कलम तुझ्यासारख्यानं वाचलेलं असणार, कारण नेमकं त्याच्या उलट तू बोलतोस. बिल थकलं तर तोडण्याआधी ग्राहकाला किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. दुपारी मेसेज आणि रात्री अंधार, असं होत नाही. मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. आठशे रुपयांच्या बिलावर तो होतो दहा रुपये. गुरुजींचं बिल खरोखर राहून गेलं असतं, तरी त्यांचं नुकसान एवढंच झालं असतं.

गुरुजी म्हणजे कोण ते तुला आठवणार नाही, तुझ्या यादीत ते नुसता एक मोबाईल नंबर होते. आमच्या आळीत राहतात. आश्रमशाळेत उभी हयात शिकवून निवृत्त झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला मुलाकडे गेले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, राजूरलाच थांबल्या, कारण भाताची आवणी चालू होती आणि आवणीच्या दिवसांत आमच्याकडची बाई घर सोडत नाही. मुलगा कंपनीत दुसऱ्या पाळीला, सून दवाखान्यात कामाला. दुपारनंतर घरात गुरुजी एकटे, एका डोळ्यावर पट्टी.

तुझा मेसेज त्यांनी दुसऱ्या डोळ्यानं, मोबाईल नाकाजवळ धरून वाचला. बिल भरलेलं होतं. त्यांच्याकडे बाराही महिन्यांची बिलं आणि पावत्या टाचणीनं जोडून फाईलला लावलेल्या असतात, पण ती फाईल राजूरला कपाटात होती. परगावी असलेल्या माणसाची हीच अडचण असते. आपण भरलं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण दाखवायला हातात कागद नसतो. त्यांनी आधी काकूंना फोन लावला.

"अगं, लाईट आहे का घरात?"

"कशाची लाईट? दुपारपासून गेलीये. कंदील पुसून ठेवलाय. तुम्ही डोळ्यात औषध घातलं का?"

त्या दिवशी राजूरला लाईट नव्हती, कारण पाऊस होता. पण नाशिकला बसलेल्या गुरुजींना वाटलं की कनेक्शन तोडलंच. घरात काकू एकट्या, बाहेर असा पाऊस, आणि आपण इकडे डोळा बांधून बसलेलो. त्यांनी तुझा नंबर फिरवला. आधी तू हिंदीत बोललास, मग मोडक्या मराठीत. आवाजात केवढी आपुलकी आणलीस! घाबरू नका बाबा, मी इथूनच अपडेट करून देतो. एक ॲप घ्या आणि फक्त दहा रुपये भरा, म्हणजे सिस्टीमला नोंद होईल. त्या ॲपमुळे गुरुजींच्या मोबाईलवर जे दिसत होतं ते सगळं तुलाही दिसू लागलं. त्यांनी पिन दाबला, तो तू पाहिलास. ओटीपी आला, तोही तू पाहिलास. एका डोळ्यानं बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तू 'हां बाबा, आता हिरवं बटण दाबा' असं सांगत राहिलास आणि तीन खेपांत त्यांचं खातं धुऊन नेलंस. त्यात पेन्शन होती, आणि दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेली रक्कमही होती.

लोक म्हणतात की अडाणी माणसं फसतात. हे साफ खोटं आहे. जो वर्षानुवर्षं बिल थकवतो त्याला तुझ्या मेसेजची फिकीर नसते. त्याला खरी नोटीस आली तरी तो चहा पीत बसतो. तुला घाबरतो तो, ज्यानं आयुष्यात एकही बिल मुदतीबाहेर जाऊ दिलं नाही. दारात वसुलीला माणूस येणं ज्याला लाजिरवाणं वाटतं, असा माणूस तू हेरतोस. त्यातही जो घरापासून लांब आहे, तो तुला फार आवडतो. घरी असता तर त्यानं उठून बटण दाबलं असतं, शेजाऱ्याकडे डोकावलं असतं, आणि सगळ्या गावातच लाईट नाही हे त्याला कळलं असतं.

आमच्या भागातली निम्मी घरं अशीच लांबून चालतात. भाताची कापणी उरकली की वाड्यावस्त्यांवरची माणसं नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याकडे मजुरीला जातात. दाराला कुलूप, मीटर आत. रीडिंग घेणाऱ्याला दार बंद दिसतं, मग सरासरीचं बिल येतं, आणि पुढं खरं रीडिंग मिळालं की ते वळतं होतं. शिकलेली पोरं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकला. पूर्वी ही पोरं शेजाऱ्याकडे पैसे ठेवून जायची, किंवा एसटीनं गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती बिल आणि नोटा पाठवायची. तो भरणा केंद्राच्या रांगेत उभा राहायचा आणि पावती आणून द्यायचा. आता ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे मोबाईलमध्ये टाकले की पुण्यात बसून राजूरचं बिल भरता येतं. शेजाऱ्याचा तो हेलपाटा वाचला, म्हाताऱ्यांचं रांगेत उभं राहणं संपलं. ही सोय आमच्यासारख्यांसाठी फार मोठी आहे, आणि तू नेमकी तीच नासवतो आहेस. गुरुजींच्या घटनेनंतर आमच्या आळीतल्या दोघातिघांनी मोबाईलवरून बिल भरणं सोडून दिलं. ती म्हातारी माणसं आता पुन्हा पावसात रांगेत उभी राहतात. हा हिशोब कुठल्याही पोलीस तक्रारीत येत नाही, म्हणून तो इथं मांडतो.

तुझं खोटं खपतं, कारण ते खऱ्याच्या अगदी शेजारी उभं असतं. पैसे खात्यातून जातात आणि पावती येत नाही, असं कधीकधी होतंच. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महावितरणनं रीडिंग घेणं थांबवलं आणि सरासरीची बिलं पाठवली. जूनमध्ये खरं रीडिंग जोडून बिलं आली, तेव्हा राज्यभर आरडाओरडा झाला. बिलात काहीतरी घोळ असू शकतो ही शंका तेव्हापासून माणसांच्या मनात घर करून आहे. कचेरीला दोष देऊन मोकळं व्हावं असं हे नाही. पण त्या शंकेला बोट लावून तू आत शिरतोस, एवढं आम्हाला दिसतं.

तू आता नवीन युक्त्याही काढल्या आहेस. मेसेजऐवजी व्हॉट्सॲपवर बिलाच्या नावानं एपीके फाईल येते. ती उघडली की मोबाईलच तुझ्या ताब्यात जातो. विजेवरून भागलं नाही तर गॅसचं बिल, पाण्याची पट्टी, बँकेचं केवायसी. नावं बदलतोस, पण घाई तीच. आज रात्री, आत्ता, ताबडतोब.

काकू दुसऱ्या दिवशी चिखलाच्या पायांनीच एसटीत बसून नाशिकला गेल्या. आवणी अर्धी राहिली होती, ती भावकीनं पुरी केली. गुरुजींना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तुझ्याबद्दल मात्र बोलल्या, आणि ते मी इथं छापण्याजोगं नाही. गुरुजींनी पहिल्यांदा बँकेत विचारलं, मग सायबर पोलिसांत तक्रार दिली. तोवर रात्र उलटून गेली होती आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले होते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 ड कलमाखाली तुला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम आहे, त्यात सात वर्षांपर्यंत. तू सापडावास आणि त्यातला एकही दिवस तुला माफ होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तू गरीब असशील, तुला कुणी तरी या धंद्यात ओढलं असेल, हे सगळं मी ऐकून आहे. आमच्या वाड्यावस्त्यांवरची माणसंही गरीब आहेत. ती नारायणगावला दुसऱ्याच्या शेतात टोमॅटो तोडायला जातात.

तुझ्याशी बोलणं इथं संपलं. आता गावाबाहेर असणाऱ्या माझ्या लोकांसाठी दोन शब्द.

महावितरणचा अधिकृत मेसेज एमएसईडीसीएल या नावानं येतो, कुणाच्या खासगी मोबाईल नंबरावरून येत नाही, आणि त्यात कुणा अधिकाऱ्याला फोन करा असं नसतं. तसा मेसेज आला तर त्या नंबरावर फोन करू नका. महावितरणच्या स्वतःच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी बघा, किंवा 1912 ला विचारा. गावी फोन कराल तेव्हा 'आपल्याकडे लाईट आहे का' एवढंच विचारू नका, 'शेजारी आहे का' हेही विचारा. पावतीचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा. वायरमनचा नंबर आई-वडिलांकडे आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे असू द्या. बिलासाठी कुणी ॲप घ्यायला सांगितलं, फाईल उघडायला सांगितली की फोन ठेवून द्या, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी.

आणि पैसे गेलेच, तर कुणी काय म्हणेल याचा विचार करत बसू नका. 1930 वर त्याच घटकेला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोहोचली तर ते अडवता येतात. गुरुजींना हा नंबर दुसऱ्या दिवशी कळला.