वाट्याचे बांगडे

आमच्या आणि शेजारच्या वयनींच्या परसामध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे. सकाळी धुणं वाळत घालून झालं की दोन्हीकडून कोपरं टेकायची, मग निम्म्या मालवणची खबर तिथेच लागते. जानेवारीतल्या एका सकाळी वयनी इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "गो, ऐकलंस? आमच्या झिलान दूद सोडल्यान."

"पोट बिघडला काय तेचा?"

"पोट कसला बिघडता! पैज लावल्यानी मेल्यांनी."

मेले चौघे. एक वयनींचा झील, एक पुण्याची कंपनी इथे घरातून चालवणारा, एक तारकर्लीला स्कूबावाल्यांच्या होडीवर असणारा, आणि चौथा नुसताच चौथा. खूळ आणलं पुणेकरानं. इंग्लंडात म्हणे 2014 पासून कित्येक लोक जानेवारीचा महिना व्हीगन राहून काढतात. हा शब्दही तिकडचाच, 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी काढलेला. मटण-मासे नाहीत, अंडं नाही, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही.

"मगे खातले काय, सोडणा?" वयनींचा सवाल.

पैज हरणाऱ्यानं बाकीच्या तिघांना कोंबडी-वडे घालायचे. व्हीगन पैजेचं बक्षीस कोंबडी-वडे! हे आमच्याच पोरांना सुचायचं.

माझं म्हणणं, पोरांचा महिनाच चुकला. श्रावणात अर्धं गाव तसंही माशाला शिवत नाही. त्याच्या आधी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, म्हणजे खायचं म्हटलं तरी सुक्यावर भागवायचं. तेव्हा लावली असती तर पैज आयतीच जिंकले असते. जानेवारीत बांगडा असा चकाकतो की बघणाऱ्याचं पोट भरतं.

पहिले दोन दिवस वयनी हवालदिल. तिसऱ्या दिवशी गडग्यावर आल्या त्या हसतच. "गो, मी वेगळा कायएक करूक नाय. फकत ताक आणि तूप वाढूक नाय." खरंच की. सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारी भात आणि कुळथाची पिठी, वर दोन सोलं टाकलेली. घावण्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. सोलकढीत तर गाईम्हशीचा संबंधच नाही. मासा वगळला तर आमच्या चुलीवर उरतो नारळ, आणि नारळ उरला की काही उणं वाटत नाही. खोबरं-कांदा काळसर होईपर्यंत भाजून केलेलं वाटप वांग्यात घाला नाहीतर मटणात, घरभर वास तोच. मुंबईचे पाहुणे या वाटपाला मटणाचा मसाला समजतात, ते सोडा.

मात्र चहानं घात केला. झिलानं पहिल्या दिवशी नारळाचं दाट दूध चहात ओतलं. कप हातात घेतला तर वर तेलाचे डोळे तरंगतायत आणि खाली दूध फुटून चोथा. मग वेंगुर्ल्याहून आणलेले काजूचे तुकडे चार तास भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून त्याचा चहा. मी घोटभर चाखला. रंग झकास, पण चव अशी की मीठ-मिरची घातली असती तर भातावर चालला असता. शेवटी गवतीचहाची पात, आलं आणि कोरा चहा यावर पोरगं गप्प बसलं.

मधेच वाडीत सत्यनारायण निघाला. पंचामृत पुढे आलं. दूध, दही, तूप, मध, साखर. पाचांतली चार बाद, उरली साखर. शिऱ्यातही तूप. चौघांची तिथेच मांडवात कुजबुज. वयनींनी निकाल दिला, "प्रसाद पैजेत धरूचो नसता." पोरांनी तो इतक्या चटकन मानला की पुणेकर दुसऱ्यांदा द्रोण घेऊन रांगेत दिसला. वाडीतल्या एकानं बी-12चीही भीती घातली. ते झाडपाल्यातून मिळत नाही हे खरं, कायमचं व्हीगन व्हायचं तर गोळी लागते. पण महिन्याभरानं काही होत नाही, यकृतात साठा असतो.

स्कूबावाला नवव्या दिवशी पडला. जत्रेत दशावतार बघायला गेला, खाजा आणि कांदाभजी खाऊन धड परतला असता. पण पहाटे ऑम्लेटच्या तव्यानं दगा दिला. पाव सुका खाल्ला म्हणत होता. शर्टावर पिवळा डाग होता.

आता माझ्या फायद्याची गोष्ट. वयनींच्या झिलाला सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला हात लावायची सवय. हात लावला की वाटा मिळतो, तो नको म्हणणं रीतीत बसत नाही. तर हा व्हीगन रोज सकाळी सातआठ बांगडे केळीच्या पानात घेऊन घरी! घरात शिजवायची सोय नाही. "वास इलो तर तो रवाचो नाय," म्हणून वयनी पान तसंच गडग्यावरून माझ्याकडे सरकवत. मी तिरफळं ठेचून, आगळ घालून कढी करायची. दुपारी झील आडवा झाला की वयनी ताट पदराखाली घेऊन माझ्या मागीलदारी. पायरीवर बसून दोन बांगडे काट्यासकट साफ. "झिलाक सांगू नको हां."

31 तारखेला संध्याकाळी वयनी गडग्याशी आल्या. स्कूबावाल्यानं कोंबड्या सांगून ठेवल्या होत्या. "संपलो गो म्हयनो," त्या म्हणाल्या. "आता बांगडे हयच रवतले."

मी पाट्यावरचं खोबरं निपटत म्हटलं, "वयनी, तेंका सांगून बघा. फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचो असता."